दावीददादा, पुतण्या आलाच नव्हता

दादा, किल्लारीच्या भूकंपातल्या त्या आजींना त्यांचा पुतण्या बैलगाडीतून घेऊन गेला, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. पुतण्या आला नाही, बैलगाडी आली नाही. आजींना सरणावर मी पाठवलं.

एवढी चार वाक्यं लिहायला मला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. डोळे मिटून प्रार्थना करतानासुद्धा मी त्या जागेपाशी आलो की बाजूने जायचो, रस्त्यातला खड्डा माहीत असलेल्या सायकलवाल्यासारखा.

तू गेलास त्याला आज चोवीस दिवस झाले. मागच्या रविवारी सुशीलावहिनींनी मला बोलावून घेतलं. आपल्या चर्चच्या मंडळीच्या अंकात तुझ्यावर दोन पानं यायची आहेत, ती मीच लिहावीत, असं त्यांचं म्हणणं. "तुमी सोबत होता. ते किल्लारीचं लिवाच. त्या बाईचं." मी मान हलवली. घरी येऊन लिहायला बसलो आणि नेहमीची गोष्ट नेहमीसारखी लिहून काढली. अक्षर सुरेख आलं होतं. वाचून पाहिली आणि फाडली. दुसऱ्यांदा लिहिली, तीही फाडली. हे तिसरं.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली, तेव्हा आपल्याकडे श्रीरामपुरात फळीवरची भांडी वाजली, एवढंच. मग दिवसभर रेडिओवर गावांची नावं यायला लागली. चर्चच्या आवारात ब्लँकेटं जमली, भाकरी जमल्या, रॉकेलचे डबे जमले, एका व्यापाऱ्याने ट्रक दिला. मी चोवीस वर्षांचा, शाळेत नुकताच लागलेला मास्तर. तू मार्केट यार्डातला मापाडी, आणि मंडळीत कोणी वारलं की कबर खोदणारा. त्या कामावर तुला कोणी नेमलं नव्हतं. तू खोदायचास, कारण तुझ्या खड्ड्याचे कोपरे सरळ यायचे आणि रडणाऱ्या माणसांसमोर तू कधी घाई करायचा नाहीस.

ट्रकमध्ये चढताना तुझ्या हातात पहार, टिकाव आणि फावडं होतं. वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लोकं पांघरुनं घेऊन चालल्यात आन् आमचं मानूस पहार घेऊन निघालंय. तिथं विहीर पाडायचीय का?" सगळे हसले. तू हत्यारं ट्रकच्या फळीला सुतळीने बांधत म्हणालास, "पांघरुनं लई पोचतील. हे कुनी न्येनार न्हाई."

तसंच झालं. जामखेड, बार्शी करत, विचारत विचारत आपण त्या गावी पोहोचलो, तर रस्त्याच्या कडेला भाकऱ्यांचे ढीग पावसात भिजून लगदा झाले होते. कपड्यांचे गठ्ठे चिखलात पडले होते, त्यांवरून गाड्या जात होत्या. आणि गाव म्हणजे दगडांचा एकच ढिगारा. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीची जड छतं. ती सगळी झोपलेल्या माणसांवर बसली होती. एका जवानाने तुझी पहार मागून नेली. तू पहारीच्या मागे गेलास तो दुसऱ्या दिवशीच दिसलास.

एक गोष्ट मी पाहिली होती, ती तुला कधी बोललो नाही. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात एकाने तुला ओळीने ठेवलेली प्रेतं मोजायला सांगितली. बाजारात धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, हयातभराची सवय. तू पहिल्यापाशी थांबलास. ओठ उघडले आणि मिटले. खाली वाकून तू त्या माणसाच्या तोंडावरची चादर नीट केलीस, पुढच्यापाशी गेलास आणि मोठ्याने म्हणालास, "दोन."

त्याच दुपारी एक आजोबा भेटले. पाय चेचला होता, सोलापूरला न्यायला जीपमध्ये घालत होते. बाजूला चादरीखाली त्यांची बायको, म्हणजे त्या आजी. तुझे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, म्हणून बहुतेक त्यांना तू गावातलाच वाटलास. त्यांनी तुझं मनगट धरलं आणि सोडेनात. "आमी लिंगायत हाव बाबा. आमच्यात जाळत न्हाईत. मातीत बसवत्यात. तिला जाळू देऊ नका."

"न्हाई जाळनार," तू म्हणालास. "मी खोदतो."

त्यांनी शेतातल्या विहिरीची खूण सांगितली, स्वतःचं नाव सांगितलं. ते तू माझ्याकडून कागदावर लिहून घेतलंस. ते नाव आणि गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या घरी हे आधी माझ्या तोंडून कळायला हवं.

जीप गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. तेव्हाचं तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. "इलास, हिला सोडून हालायचं न्हाई. बसता खड्डा हाय, खोल जावं लागतं, आन् काळी वल्ली जमीन. दोन-तीन तास लागतील. कुनी उचलाय आलं तर फक्त इतकंच सांग, हिचं मानूस हाय." मग हत्यारं खांद्यावर टाकून विहिरीच्या दिशेने निघून गेलास.

मी तिथे बसलो. एका पत्र्याच्या आडोशाला, आजींच्या उशाशी. चादरीतून त्यांचा एक हात बाहेर आला होता. गळ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लिंग होतं, तेही मला दिसत होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पाऊस लागला. वास होता, त्याबद्दल लिहीत नाही. ट्रकवाला येऊन सांगून गेला की रस्ता चिखलाने बंद व्हायच्या आत तो चार वाजता निघणार, यायचं त्याने यावं, नाहीतर आपली सोय पाहावी.

साधारण साडेतीनला सरणांच्या लाकडांची व्यवस्था पाहणारा माणूस दोघांना घेऊन आला. बाहेरून मदतीला आलेला, आपल्यासारखाच दमलेला. आमच्या शेजारी एका तरुणाचं प्रेत होतं, त्याच्याजवळ त्याचा भाऊ बसला होता. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आमी नेतो." तो माणूस त्याला सोडून पुढे आला. एका वाक्यावर सुटत होतं, दादा. माझ्या डोळ्यांदेखत सुटलं होतं.

मग त्याने मला विचारलं, "हिचं कुनी मानूस हाय का?"

मी म्हणालो, "नाही. बेवारस आहे."

त्याने माझ्यावर जबरदस्ती केली नाही, धाक दाखवला नाही, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. मी सांगितलं, त्याने ऐकलं. उचलायला माणूस कमी होतं म्हणून चादरीचं एक टोक मी धरलं.

का, याचं उत्तर मी वर्षानुवर्षं सजवत आलो. रोगराई पसरली असती. मातीच्या कडा ढासळल्या असत्या. आजोबा जगतात की नाही कोणाला ठाऊक. यातलं एकही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. मला घरी जायचं होतं. तू खड्डा करून येणार, मग आजींना शेतापर्यंत न्यायचं, विधीसाठी त्यांच्यातला कोणी स्वामी शोधायचा, तोवर ट्रक निघून गेलेला असणार, आणि मला त्या गावात आणखी एक दिवस काढावा लागणार. तो मला काढायचा नव्हता. एवढंच कारण.

तू आलास तेव्हा सरण पेटलेलं होतं. अंगभर काळी माती, नुसते डोळे दिसत होते. "झाला. चल, उचलू." मी पत्र्याकडे पाहत सांगितलं, पुतण्या आला होता, बैलगाडी घेऊन. दुसऱ्या शेतात त्यांच्या घरच्यांच्या समाध्या आहेत म्हणे, तिकडे नेलं. हे सगळं माझ्या तोंडून इतकं सरळ आलं की माझं मलाच खरं वाटलं.

आणि तू हसलास. दोन दिवसांत पहिल्यांदा. "बरं झालं. आपल्या मानसांनी न्येली, बरं झालं."

मला वाटलं सुटलो. पण तू म्हणालास, खोदलेला खड्डा उघडा ठेवू नये, माती माणूस मागती. आणि आल्या पावली परत गेलास तो बुजवायला. ट्रकवाला शिव्या देत होता. तू पाऊण तास लावलास. मी बांधावर उभा राहून पाहत होतो. बुजवून झाल्यावर तू डोक्याचं फडकं काढलंस, धूर निघत होता त्या बाजूला तोंड केलंस आणि तिथे जळणाऱ्या सगळ्यांसाठी प्रार्थना केलीस. त्यात ती होती, दादा. तुला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी तू कोरं पोस्टकार्ड घेऊन माझ्या घरी आलास. आजोबांना कळवायचं होतं. तुझं अक्षर बरं नाही म्हणून मी लिहायचं. तू सांगितलंस तसं लिहिलं: तुमच्या मंडळींना तुमच्या पुतण्याने नीट बसवलं, चिंता करू नये, पायाची काळजी घ्यावी. सोलापूरच्या दवाखान्याचा पत्ता लिहिला. तुझ्यासमोर खिशात घातलं. ते पोस्टकार्ड मी पेटीत टाकलं नाही. उत्तर आलं नाही, तेव्हा तू म्हणालास, म्हातारं गेलं असंल बिचारं. मी म्हणालो, असेल.

मग ती गोष्ट तुझी झाली. मंडळीत कोणाचं मूल गेलं, कोणाचा नवरा गेला, की तू कबरीच्या कडेला टिकाव टेकवून सांगायचास. इतकी माणसं तिथं कशीबशी गेली, पण एक बाई तरी नीट गेली, तिच्या रिवाजानं गेली. देवानं तेवढं एक आमच्या हातून करून घेतलं. आणि मग माझ्याकडे बोट. "ह्या मास्तरनं पावसात सांभाळली तिला. हालला न्हाई." लोक माझ्याकडे आदराने पाहायचे. मी खाली पाहायचो, त्याला ते नम्रपणा म्हणायचे.

माझे वडील गेले तेव्हा त्यांची कबर तू खोदलीस. आईचीही तूच. वडिलांच्या वेळी मला मूठमाती देता येईना, हात उघडेना. तू मागून येऊन माझ्या मुठीवर तुझा हात ठेवलास आणि नुसता थांबलास. किती वेळ गेला कोणास ठाऊक, पण मूठ आपोआप उघडली. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तुझा हात माझ्या हातावर होता.

त्या गोष्टीने लोकांना धीर येतो, हे मी पाहिलं होतं. अपघातात पोरगं गेलेली एक आई तुझ्याकडून ती दोनदा ऐकून मगच उठली होती. मग मी स्वतःला समजवायचो की खोटं असलं तरी उपयोगाला येतंय. हिशोबाला हे बरं दिसतं. पण धीर तुझ्या तोंडाने दिला जात होता आणि खोटं माझं होतं, हे वेगळं करून बघायची हिंमत मी केली नाही.

तुला ती समाधी पाहायची होती. दरवर्षी निदान एकदा विषय निघायचा. मी म्हणायचो, गाव उठून दुसरीकडे वसलंय, कोण ओळखणार आता. तू म्हणायचास, गाव उठलं, शेत कुठं उठतंय? मी शाळेचं काहीतरी काढायचो. आठवतं, बार्शीला लग्नाला गेलो होतो? जेवण झाल्यावर तू जीपवाल्याला परस्पर ठरवून टाकलंस. आलोच हाय इथवर, तर जाऊन येऊ. मी पोटात कळ आल्याचं सांगून आडवा झालो. तू अख्खा मांडव पालथा घालून ओवा आणलास, पाणी कोमट करून आणलंस, माझ्या पायथ्याशी बसून राहिलास. जीपवाला वाट बघून गेला. परतीच्या वाटेवर तू जराही चिडला नाहीस, त्याने मला जास्त चीड आली. आपलं त्यानंतरचं जेसीबीवरून झालेलं भांडण खरं म्हणजे त्याच चिडीचं होतं.

ते भांडण तसंच राहिलं. कबरस्तानच्या कमिटीत मी ठराव मांडला की यापुढे खड्डे जेसीबीने काढावेत. दावीदचं वय झालंय, असं मी तू समोर असताना म्हणालो. तू म्हणालास, "मशीनला कुठं थांबायचं ते कळत न्हाई, मास्तर." इलास म्हणाला नाहीस, मास्तर म्हणालास. ठराव मंजूर झाला. चार महिने तू माझ्याशी कामापुरतंच बोललास. मग एके दिवशी दारात पेरूंची पिशवी ठेवून गेलास आणि आपण दोघांनीही तो विषय सोडला.

तुझी कबर मात्र आम्ही हाताने खोदली. माझा हट्ट. आम्ही पाच जण होतो, सकाळी सातला सुरू केलं, माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. कोपरे सरळ आले नाहीत. तू असतास तर आम्हाला बाहेर काढून पुन्हा उतरला असतास.

आता दवाखान्यातलं. तुझा शेवटचा आठवडा, दुपारची भेटायची वेळ. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तू डोळे मिटूनच विचारलंस, "त्या पुतन्याचं नाव काय व्हतं रं? इतकी वर्सं झाली, मी इचारलंच न्हाई."

खरं सांगायची ती शेवटची वेळ आहे, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. तुझ्या नाकाला नळी होती, हात माझ्या हातात होता, खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "शिवलिंग."

"चांगलं नाव हाय," तू म्हणालास. मग ओठ हलायला लागले. मी कान जवळ नेला. तू त्याच्यासाठी प्रार्थना करत होतास. शिवलिंगाला सुखी ठेव, त्याच्या लेकराबाळांना सांभाळ, त्यानं चुलतीला नीट पोचवली. नसलेल्या माणसासाठी, असलेल्या श्वासातला एवढा श्वास तू खर्च केलास. मी 'आमेन' म्हणालो.

भूकंपातल्या त्या दिवशी मी दमलेला होतो, घाबरलेला होतो. त्याला कोणी क्षमा करूही शकेल. दवाखान्यात मी दमलेलो नव्हतो. मला ट्रक गाठायचा नव्हता.

हे इथपर्यंत लिहून काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. छापण्याआधी वहिनींनी ऐकायला हवं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वाचलं. 'बेवारस'पाशी त्यांचा हात थांबला, पुढे वाचून होईपर्यंत थांबलेलाच राहिला. मला वाटलं रडतील. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हंजी माझा नवरा तीस वर्सं कबरीकबरीवर उभा राहून खोटं सांगत व्हता व्हय?"

मी म्हणालो, त्याला माहीत नव्हतं, वहिनी.

"ते मला कळतंय. पर लोकांनी त्याच्या तोंडचं ऐकलं. तुमी चूक केली आन् तोंड त्याचं वापरलं."

तीस वर्षं मी स्वतःला आजींचा गुन्हेगार समजत आलो होतो. तुझाही आहे, हे त्यांनी तांदळाच्या सुपावरून एका वाक्यात दाखवलं. ज्या माणसाने आयुष्यात मापात मारायला कधी बोट लावलं नाही, त्याला मी खोट्याचा साक्षीदार करून ठेवला.

चहा झाला नाही. मी उठलो, चपला घातल्या, तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "छापा ते. हाय तसं. आन् त्यांनी खड्डा खनला व्हता, ते नीट लिवा. तेवढं तरी खरं हाय ना?"

हो वहिनी. ते खरं आहे, तेवढं सगळ्यांनी ऐकावं. दावीददादाने त्या आजींसाठी त्यांच्याच शेतात, भर पावसात, एकट्याने, बसत्या माणसाएवढा खोल खड्डा खोदला होता. मी वरून पाहिला. त्याचे कोपरे सरळ होते. त्याने दिलेला शब्द त्याच्या बाजूने पुरा झाला होता. कबरीच्या कडेला ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून ही गोष्ट ऐकली, त्यांनी एवढा भाग ठेवावा आणि बाकीचा माझ्या नावावर घालावा.

दादा, तुझी क्षमा मागत नाही. ती देणारा तू नाहीस आता, आणि असतास तर फार लवकर दिली असतीस.

आजोबा आता नसतील. मुलगा, नातू, सून, कोणीतरी असेल. त्यांना वाटत असेल की आपली आजी बेवारस म्हणून जळाली, किंवा काहीच माहीत नसेल. मला त्या गावी जायचं आहे. जाऊन त्यांना सांगायचं आहे की तिचं माणूस होतं, त्याने तिच्यासाठी शब्द घेतला होता, एका परक्याने तो पाळायला खड्डा खोदला होता, आणि तिच्याजवळ बसवलेल्या माणसाने, म्हणजे मी, तिला बेवारस म्हणून सरणावर दिलं. मग ते काय म्हणतील ते उभं राहून ऐकायचं आहे. हे माझ्याकडून त्या घराचं देणं आहे, आणि आज हे लिहीपर्यंत मी ते दिलेलं नाही.